बिऱ्हाड आणि कागद

1 जुलै 1998 रोजी नंदुरबार धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या; त्यांच्यामागून बदलीचे नोकरदार बिऱ्हाडे घेऊन आले. गावाबाहेरची शांत घरे त्यांना आवडली आणि घरमालकांनाही असे भाडेकरू हवेच होते. व्यवहार मात्र तोंडीच राहिला.

1947 च्या मुंबई कायद्याने भाडे सप्टेंबर 1940 च्या दराशी बांधले होते. त्याची धास्ती मालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. 31 मार्च 2000 पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंद नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचेच म्हणणे खरे धरायचे! आम्ही मालक तरीही म्हणतो, “आपल्यात कागद कशाला?” आणि परगावचा नोकरदार साधी पावती मागायलाही संकोचतो.