ठोकळीची बासरी : देवगिरीच्या पावापासून लाकडी रेकॉर्डरपर्यंत

युरोपात रेकॉर्डर या नावाने ओळखली जाणारी उभी बासरी मराठवाड्याला सर्वस्वी परकी आहे, असा समज रूढ असला, तरी या वाद्याचा जीव ज्या एका भागात आहे तो भाग नांदेड-लातूरकडच्या गुराख्यांना आणि जत्रेकरूंना जुन्या काळापासून परिचित आहे. तो भाग म्हणजे नळीच्या तोंडात घट्ट बसवलेली लहानशी लाकडी ठोकळी होय. ठोकळीचा वरचा पृष्ठभाग आणि नळीची भिंत यांच्यामध्ये जी अरुंद फट राहते, तिला वायुमार्ग म्हणता येईल. फुंकलेली हवा या मार्गातून पातळ पट्टीसारखी बाहेर पडते, नळीला पाडलेल्या खिडकीवरून जाते आणि समोरच्या तिरकस धारेवर आदळून कंप पावते. आडव्या बासरीत हवेची हीच पट्टी वादकाला ओठांनी घडवावी लागते आणि त्यासाठी महिनोन्‌महिने साधना करावी लागते, तर ठोकळीच्या बासरीत ते काम कारागिराने आधीच करून ठेवलेले असते. माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो वा लातूरच्या सिद्धेश्वराची, अशा जत्रांत मुलांसाठी विकली जाणारी आणि पहिल्या फुंकरीलाच वाजणारी टोकाची बासरी याच कुळातली असते. जर्मन भाषेत तर रेकॉर्डरचे नावच ‘ठोकळीची बासरी’ या अर्थाचे आहे. फ्रेंचांनी तिला चोचीची बासरी म्हटले आणि इटालियनांनी गोड बासरी.

या कुळाचा सर्वांत जुना धागा मराठवाड्यात शोधायचा, तर तो देवगिरीलाच शोधावा लागतो. यादव राजा सिंघण (राज्यकाल सुमारे १२१० ते १२४७) याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेथे ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे, आणि तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख, म्हणजे श्रीकरणाधिप होता. मोजमापाविषयीची त्याची आस्था ग्रंथभर जाणवते, ती कदाचित यामुळेच. वाद्याध्यायात फुंकून वाजवायच्या, म्हणजे सुषिर वाद्यांची गणना करताना तो वंश, पाव, पाविका, मुरली, मधुकरी, काहल अशी नावे देतो. यातील वंश म्हणजे आडवी वेळूची बासरी, याविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो पाव आणि पाविका यांचा. एका मताप्रमाणे ही नावे लहान आकाराच्या बासऱ्यांची असून वंशाहून त्यांचा वेगळेपणा केवळ लांबीचा आहे. हे मत सोपे असले, तरी ग्रंथाच्या रचनेशी ते जुळत नाही.

याचे कारण असे की, केवळ मापाने वेगळ्या असणाऱ्या बासऱ्यांची व्यवस्था शार्ङ्गदेवाने स्वतंत्रपणे लावून ठेवली आहे. फुंकण्याचे छिद्र आणि त्यानंतरचे पहिले स्वरछिद्र यांच्यातील अंतर किती अंगुळे आहे, यावरून तो वंशांना नावे देतो. एका अंगुळाचा तो एकवीर, दोनाचा उमापती, तिनाचा त्रिपुरुष, चारांचा चतुर्मुख, पाचांचा पंचवक्त्र, सहांचा षण्मुख, सातांचा मुनी आणि आठांचा वसू, अशी ही माळ पुढे बाराच्या आदित्यापर्यंत आणि त्याहीपुढे जाते. आखूड बासरी हीच जर पाव असती, तर तिला या माळेत कुठेतरी जागा मिळाली असती. हिशेबाचा माणूस एकच वस्तू दोन खात्यांत नोंदवीत नाही. पाव आणि पाविका यांना माळेबाहेर स्वतंत्र नाव मिळाले, याचा अर्थ त्यांना वंशाचे मापच लागू पडत नव्हते, आणि ते लागू न पडण्याचे सर्वांत सरळ कारण म्हणजे त्यांना नळीच्या अंगावर फुंकण्याचे छिद्रच नव्हते. त्या टोकातून वाजत असाव्यात. टोकातून वाजणारी प्रत्येक नळी ठोकळीचीच असते असे नव्हे, कारण तोंडाची कड ओठांना तिरकी लावून वाजवायच्या उघड्या नळ्याही जगभर आढळतात. परंतु आजच्या मराठीत पावा हा शब्द गुराख्याच्या साध्या, कुणालाही वाजवता येणाऱ्या नळीसाठी वापरला जातो, कच्छमध्ये जोडिया पावा ही ठोकळीचीच जोड-बासरी आहे, आणि सिंध-पंजाबकडे तशाच जोडवाद्याला ‘पावा जोडी’ असेही म्हणतात. शब्द आणि वस्तू इतक्या मोठ्या प्रदेशात एकत्र नांदत असतील, तर तेराव्या शतकातील पावही ठोकळीचा होता असे मानण्यास हरकत नसावी.

पाव हा शब्द संस्कृतातून मराठीत उतरला की मराठीतून संस्कृतात चढला, हाही वादाचा विषय आहे. ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे या धातूपासून तो आणण्याची जी खटपट केली जाते, तिच्यात पावित्र्य असले तरी बासरी नाही. त्यापेक्षा, देशी संगीताची सविस्तर दखल घेणाऱ्या शार्ङ्गदेवाने देवगिरीच्या आसपास कानी पडणारा लोकांचा शब्द जसाच्या तसा उचलून संस्कृत वाक्यात बसवला, हे अधिक संभवते. तसे असेल, तर मराठी पावा हा ग्रंथातील पावाचा वंशज नसून त्याचा पूर्वज ठरतो.

त्या मानाने अलगूज या शब्दाची कुळी अधिक गुंतागुंतीची आहे. मराठीत अलगूज म्हणजे टोकातून वाजवायची एकेरी बासरी; परंतु राजस्थान, सिंध आणि पंजाब येथील अलगोजा ही एकाच वेळी तोंडात धरायच्या दोन नळ्यांची जोडी असते, जिच्यातील एक नळी बहुधा आधारस्वर धरते आणि दुसरी चाल वाजवते. शब्दाच्या आरंभीचे ‘अल’ हे अरबी उपपद आहे, याविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. वाद आहे तो उरलेल्या ‘गोजा’चा. एक पक्ष म्हणतो की, अरबीत जोडी या अर्थाचे ‘जौज’ किंवा ‘जौझ’ असे जे शब्द आहेत, त्यांच्याशी त्याचे नाते असावे. सीरिया-लेबनॉनकडच्या जोडनळीच्या वाद्याला मिज्विझ, म्हणजे जोडलेले, असेच म्हणतात. अर्थाच्या दृष्टीने हा पक्ष मोहक आहे, पण उर्दू आणि सिंधी लिपीत अलगोजा ज्या ‘ग़’ने लिहिला जातो, तो अरबी ‘ज’पासून सहजी निघत नाही. दुसरा पक्ष फारसी ‘ग़ोज़ा’ या शब्दाकडे बोट दाखवतो, ज्याचा अर्थ कापसाचे बोंड असा होतो. ध्वनीची अडचण इथे सुटते, मात्र बोंडाचा आणि बासरीचा संबंध जोडताना फुगीर तोंड, उमललेला आकार अशा कल्पनांचा आधार घ्यावा लागतो. कापूस पिकवणाऱ्या नांदेडला ही व्युत्पत्ती रुचावी हे स्वाभाविक असले, तरी रुचणे हा पुरावा नव्हे. सध्याच्या स्थितीत अर्थ पहिल्या पक्षाकडे आणि ध्वनी दुसऱ्या पक्षाकडे आहे, आणि ऐकीव शब्दाला लिहिणाऱ्यांनी फारसी वळण दिले असे मानले, तर पहिला पक्ष किंचित सरस ठरतो.

हा शब्द मराठवाड्यात कोणत्या वाटेने आला, याची दोन उत्तरे संभवतात. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाल्यापासून १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपेपर्यंत या भागात फारसी आणि दखनी यांचा वावर होता. तेव्हा शब्द दरबारातून आला, हे पहिले उत्तर. परंतु दरबारातून आलेली वाद्ये नगारखान्यात आढळतात; सनई, नगारा, कर्णा यांनी देवळाच्या आणि किल्ल्याच्या दारावर जागा मिळवली, तर अलगूज गुरे चारणाऱ्याच्या हातातून कधी सुटले नाही. म्हणून दुसरे उत्तर अधिक पटते : राजस्थानकडून दख्खनमध्ये धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर वाहून आणणाऱ्या लमाण तांड्यांनी वस्तू आणि नाव दोन्ही आणले असावे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील तांड्यांची दाट वस्ती या तर्काला पोषक आहे. त्याच्याविरुद्ध जाणारी गोष्ट अशी की, बंजारा गाण्याची ओळख झालेली वाद्ये नगारा आणि थाळी ही आहेत, अलगूज नव्हे. मात्र बैलांबरोबर चालताना वाजणारे वाद्य आणि सणाच्या नाचात वाजणारे वाद्य एकच असायला हवे, असा नियम नाही.

युरोपातील टप्पे सर्वज्ञात आहेत. चौदाव्या शतकातील एक रेकॉर्डर नेदरलँड्‌समधील डॉर्ड्रेख्टजवळच्या खंदकात सापडला; १३८८ मध्ये पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या चौथ्या हेन्रीच्या हिशेबात हे नाव आले; १५३५ मध्ये गानास्सीने व्हेनिसमध्ये त्याच्या वादनावर ग्रंथ छापला; सतराव्या शतकात फ्रान्समधील कारागिरांनी त्याचे तीन जोडभाग केले; अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो मागे पडला आणि १९१९ मध्ये आर्नल्ड डॉल्मेच यांनी इंग्लंडमध्ये तो पुन्हा घडवला. सात छिद्रे पुढे आणि एक अंगठ्यासाठी मागे, ही त्याची मांडणी या सर्व काळात टिकली.

मात्र या पुनर्जन्मानंतर घडलेली एक गोष्ट आजच्या ग्राहकाशी थेट संबंधित आहे. सोप्रानो रेकॉर्डरची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते आणि त्याचा सर्वांत खालचा स्वर हार्मोनियमच्या भाषेत वरच्या सप्तकातील पांढरी एक असतो. तो षड्‌ज धरला, तर शुद्ध मध्यम वाजवताना जुन्या पद्धतीत चौथे बोट ठेवून पाचवे उचलावे लागते आणि सहावे-सातवे पुन्हा टेकवावे लागते. जर्मन वाद्यकार पेटर हार्लान यांनी १९२० च्या दशकात छिद्रांची मापे बदलून हा मध्यम क्रमाने बोटे उचलून वाजेल असा केला; ही रचना जर्मन बोटपद्धत आणि मूळची रचना बरोक बोटपद्धत म्हणून ओळखली जाते. अलगूज किंवा बासरी हाताळलेल्या विद्यार्थ्याला जर्मन पद्धत घरची वाटते, कारण तेथेही बोटे ओळीने उचलतात. पण या सोयीची किंमत तीव्र मध्यमाला मोजावी लागते. त्याची बोटे अवघड होतात आणि तरीही तो नेमका लागत नाही. पाश्चात्त्य बालगीतांत हे खपून जाते; यमन किंवा मारवा अशा तीव्र मध्यमाच्या रागांच्या वाटेने जाणाऱ्या मराठी कानाला मात्र ते चालणार नाही. म्हणून नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याने जर्मन बोटपद्धतीचे वाद्य टाळणे आणि बरोक पद्धतीचेच घेणे इष्ट, मग पहिला आठवडा थोडा कठीण गेला तरी चालेल.

लाकडाची निवड ही नेहमी चर्चिली जाणारी बाब असली, तरी ती दुसऱ्या क्रमांकाची आहे. मेपल आणि पेअर ही हलकी लाकडे मऊ, मिसळणारा नाद देतात व बहुधा मेणासारख्या पॅराफिनमध्ये मुरवलेली असतात. बॉक्सवुड अधिक नेमका, तर शिसव आणि ग्रेनाडिला हे अधिक भरीव व तेजस्वी नाद देतात. शिसव आणि ग्रेनाडिला या दोन्ही एकाच डालबर्जिया प्रजातीतील जाती असून २०१७ पासून सायटिस करारान्वये त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आली; तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली. मराठवाड्यातील उन्हाळ्याच्या कोरड्या उष्म्यात कोणतेही लाकूड आकसते, आणि कोरड्या वाद्यात एकदम ओली गरम हवा भरल्यास तडा जाण्याचा धोका वाढतो. त्यामुळे नवे वाद्य आरंभीचे काही आठवडे दिवसाला दहा-पंधरा मिनिटेच वाजवावे, प्रत्येक वेळी आतून पुसून ठेवावे आणि उन्हातील गाडीत वा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. न मुरवलेल्या लाकडाच्या आतील बाजूस बदामाचे किंवा जवसाचे कच्चे तेल लावावे, पण ते ठोकळीला आणि वायुमार्गाला लागू देऊ नये.

अखेरीस निर्णय येऊन थांबतो तो पुन्हा ठोकळीवरच. चांगल्या रेकॉर्डरची ठोकळी तांबड्या सिडारची, म्हणजे पेन्सिलीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुनिपर जातीच्या लाकडाची असते, कारण ते ओलावा शोषूनही फारसे फुगत नाही आणि कुजत नाही. वाद्य पाहताना सर्वांत खालचा स्वर अगदी हलक्या फुंकरीने लागतो का, अंगठ्याचे छिद्र किंचित उघडून वरचे स्वर न फाटता निघतात का, दोन सप्तके एकमेकांशी व पेटीशी जुळतात का आणि अर्धा तास वाजवल्यावर वायुमार्ग ओलाव्याने गुदमरतो का, हे तपासावे. या चारही परीक्षा लाकडाच्या जातीच्या नसून ठोकळी आणि धार यांच्या घडणीच्या आहेत. स्वस्त लाकडी वाद्यात नेमकी हीच घडण कच्ची असते, म्हणून पैसे कमी असल्यास त्यापेक्षा चांगले प्लास्टिकचे वाद्य घ्यावे. विद्यार्थ्याला मेपल किंवा पेअरचे, सहाव्या व सातव्या स्थानी जोडछिद्रे असलेले वाद्य पुरेसे आहे. हौशी वादकाने बॉक्सवुड वा शिसव घ्यायचे ठरवले, तर ज्याची ठोकळी काढून पुन्हा घासून बसवता येते असेच वाद्य निवडावे, कारण वर्षानुवर्षांच्या ओलाव्याने ठोकळी बदलते आणि ती दुरुस्त झाली तरच उरलेल्या महाग लाकडाचा उपयोग होतो.