फुटुरा : अक्षरवळण आणि निष्ठा

पाउल रेनर (१८७८–१९५६) या जर्मन ग्रंथसंकल्पकांनी घडविलेला ‘फुटुरा’ हा टंक फ्रांकफुर्टच्या बाउअर टंक-ओतशाळेने १९२७ साली बाजारात आणला. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन यांवर उभारलेला टंक ही त्याची ख्याती अर्धीच खरी आहे. प्रारंभीच्या आराखड्यांतील काही लहान अक्षरे ही भौमितिक आकारांची निव्वळ जुळणी होती. ती मागे पडली. अंतिम रूपात दांडा गोलाईला मिळतो तेथे रेघ किंचित बारीक होते, आणि मोठ्या अक्षरांची प्रमाणे तर प्राचीन रोमन शिलालेखांची आठवण देतात. भूमितीपेक्षा डोळ्याचा अधिकार येथे मोठा ठरला.

जर्मनीत त्या काळी अक्षराचे वळण ही केवळ छपाईची बाब नव्हती. गॉथिक धाटणीचे फ्राक्टूर म्हणजे जर्मनपण आणि रोमन वळण म्हणजे परकेपण, असे मानणारा मोठा वर्ग होता. (आपल्याकडे मोडी-बाळबोधाचा भेद मुख्यतः लेखनाच्या प्रयोजनाचा होता, तेथे तो निष्ठेचा झाला.) रेनर यांनी १९३२ मध्ये ‘सांस्कृतिक बोल्शेविकवाद?’ ही पुस्तिका लिहून नात्सींच्या संस्कृतिविचारावर टीका केली. १९३३ मध्ये त्यांना अटक झाली आणि म्युनिकच्या मुद्रणविद्यालयाचे प्रमुखपदही गेले.

विपर्यास असा की, ३ जानेवारी १९४१ च्या बोरमानच्या परिपत्रकाने त्याच राजवटीने गॉथिक अक्षरांना ‘यहुदी’ ठरवून रोमन वळण स्वीकारले.

१९६९ साली अपोलो ११ मोहिमेने चंद्रावर ठेवलेल्या धातुफलकावरील इंग्रजी मजकूर फुटुरातच कोरलेला आहे.