कानाच्या मापाचा ध्वनी

मराठीत 'कानातले' म्हटले की आपल्याला आधी दागिना आठवतो. अलीकडे मात्र कानात घालायच्या आणखी एका वस्तूची किंमत दागिन्याच्या बरोबरीला आली आहे. गायक-वादक रंगमंचावर वापरतात ते 'इन-इअर मॉनिटर', म्हणजे कर्णनलिकेत घट्ट बसणारे इअरफोन, काही हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत मिळतात. महागड्या वस्तूत अधिक चांगला ध्वनी असतो का, आणि असला तर तो नेमका कशामुळे, असा प्रश्न वरच्या वर्गांतील विद्यार्थी हमखास विचारतात. दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते. आम्हाला वाटते की या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे, कारण या चिमुकल्या उपकरणाचे बहुतेक भाग निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या गरजांपोटी तयार झाले आहेत.

सुरुवात टेलिफोनपासून करावी लागते. ग्रॅहम बेलला 1876 मध्ये पेटंट मिळाले. त्यानंतरच्या टेलिफोनच्या कर्णयंत्रात एक कायमचा चुंबक, त्यावर तारेचे वेटोळे आणि समोर लोखंडाचा पातळ पडदा असे. वेटोळ्यातून बोलण्याच्या लयीत बदलणारा प्रवाह गेला की चुंबकाची ओढ कमीजास्त होई आणि पडदा हले. आता येथे एक प्रश्न वर्गात जरूर विचारावा. विद्युतचुंबक आहेच, मग कायमचा चुंबक कशाला हवा?

याचे उत्तर आठवी-नववीच्या बीजगणितात आहे. लोखंडावरची ओढ चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते. नुसत्या प्रवाहाचे क्षेत्र 'ब' असेल तर ओढ 'ब'च्या वर्गाएवढी होईल. 'ब' धन असो की ऋण, वर्ग धनच. म्हणजे प्रवाहाच्या एका आवर्तनात पडदा दोनदा ओढला जाईल आणि बोलणाऱ्याचा षड्ज ऐकणाऱ्याला तार सप्तकात ऐकू येईल! कायमच्या चुंबकाचे मोठे क्षेत्र 'अ' त्यात मिळवले की (अ+ब)चा वर्ग होतो : अ² + 2अब + ब². पहिले पद स्थिर असते, ते काही ऐकू येत नाही. मधले पद मूळ बोलण्याची हुबेहूब नक्कल करते. शेवटचे ब² हे पद दुप्पट वारंवारतेचा गोंधळ घालते. पण 'अ' पुरेसे मोठे असले तर तो गोंधळ तुलनेने लहान राहतो. लहान राहतो, नाहीसा होत नाही.

तो नाहीसा करण्याची युक्ती म्हणजे 'संतुलित आर्मेचर'. लोखंडाची एक बारीक जीभ दोन चुंबकध्रुवांच्या बरोबर मध्ये ठेवायची. प्रवाह आला की एका बाजूच्या फटीत क्षेत्र अ+ब होते आणि दुसऱ्या बाजूच्या फटीत अ−ब. जीभ दोन्हीकडे ओढली जाते, म्हणून उरते ती वजाबाकी : (अ+ब)² − (अ−ब)² = 4अब. दोन्ही वर्गपदे एकमेकांना छेदून जातात आणि हवे ते पद दुप्पट होऊन हाती येते. ज्या सूत्राचा उपयोग काय म्हणून मुले कुरकुर करतात, ते असे कानात बसलेले आहे.

अमेरिकेतील युटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविन या माणसाने याच तत्त्वावरचे हेडफोन 1910 मध्ये अमेरिकी नौदलाकडे पाठवले. त्यात जिभेची हालचाल एका बारीक दांडीने अभ्रकाच्या पडद्यापर्यंत पोचवली होती. त्या काळी बिनतारी संदेश ऐकणाऱ्याजवळ आवाज मोठा करण्याचे साधन नव्हते, त्यामुळे क्षीण प्रवाहावर चालणाऱ्या हेडफोनचे महत्त्व फार. नौदलाने मागणी नोंदवली, तेव्हा बाल्डविन ते आपल्या घराच्या स्वयंपाकघरात बसून तयार करत होता.

पुढे हलत्या वेटोळ्याचे ध्वनिक्षेपक आले आणि संगीत त्यांच्याकडे गेले. संतुलित आर्मेचर मात्र बहिऱ्यांच्या मदतीला राहिले. त्याची दोन कारणे. ते फार थोड्या विजेवर चालते आणि लहान करता येते. ह्यू नोल्स याने 1946 मध्ये शिकागो भागात काढलेल्या कंपनीने हेच काम हाती घेतले. 1952 पासून श्रवणयंत्रांत ट्रान्झिस्टर येऊ लागले, यंत्रे खिशातून कानामागे गेली आणि आर्मेचरही त्यांच्याबरोबर तांदळाच्या काही दाण्यांएवढे होत गेले. श्रवणयंत्राचा आवाज मात्र चिरका. त्यामुळे या यंत्रणेतून संगीत कधी नीट ऐकू येणार नाही अशी समजूत पक्की झाली होती.

ती समजूत मोडणाऱ्यांत मीड किलियन याचे नाव आधी घ्यावे लागेल. नोल्सच्या कंपनीत काम केलेल्या या संशोधकाने 1979 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात प्रबंध सादर केला. विषय होता उच्च प्रतीचा ध्वनी देणारी श्रवणयंत्रे. दोष आर्मेचरच्या तत्त्वात नसून ते ज्या तऱ्हेने नळीला आणि कानाला जोडले जाते त्यात आहे, असे त्याने दाखवले. 1983 मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि 1991 मध्ये 'ईआर-4' हा इअरफोन बाजारात आणला. एका बाजूला एकच आर्मेचर, तीन घड्यांचे मऊ टोक आणि कानात चांगले खोल बसवण्याची सक्ती. आजही याच घराण्यातले इअरफोन तुलनेसाठी मापदंड म्हणून वापरले जातात.

कानाला जोडण्याची तऱ्हा म्हणजे काय, ते समजून घेतल्याशिवाय कोणत्याही दोन इअरफोनची तुलना व्यर्थ आहे. आपली कर्णनलिका साधारण 25 मिलिमीटर लांबीची, बाहेर उघडी आणि आत पडद्याने बंद. एका टोकाला बंद असलेल्या नळीचा प्रयोग आपण अनुस्पंदन नलिकेवर दरवर्षी करतोच. ध्वनीचा वेग 340 मीटर धरला तर अशा नळीचे पहिले अनुस्पंदन 340 भागिले (4 × 0.025), म्हणजे 3400 हर्ट्झला येते. कानाच्या पाळीचा आणि द्रोणाचा परिणाम मिळवला की प्रत्यक्षात 3000 हर्ट्झच्या आसपासचे स्वर कानाच्या पडद्याशी सुमारे 15 डेसिबलने वाढलेले असतात. जन्मापासून आपला मेंदू या वाढीलाच 'साधे ऐकणे' समजतो. इअरफोनचे टोक आत बसले की उघडे तोंड बंद होते आणि हे अनुस्पंदन नाहीसे होते. म्हणून सर्व वारंवारतांना समान दाब देणारा, आलेखावर सरळ रेषा काढणारा इअरफोन कानाला मंद, कांबळे पांघरल्यासारखा वाटतो. गेलेला उंचवटा इअरफोनलाच परत आणून द्यावा लागतो. ईआर-4 चे यश मुख्यतः यात होते.

दुसरी गोष्ट खर्जाची. एवढ्याशा पडद्यातून मृदंगाचा घुमारा कसा येतो? कान बंद असल्यामुळे. बंद हवेचे आकारमान किंचित कमी केले की दाब लगेच वाढतो. टोकापुढील पोकळी आणि कानाच्या पडद्याचा लवचिकपणा मिळून ती सुमारे 2 घन सेंटिमीटर धरू. 94 डेसिबल म्हणजे 1 पास्कल दाब निर्माण करायला हे आकारमान एक लाख चाळीस हजाराव्या हिश्शाने बदलणे पुरते. 7 मिलिमीटर व्यासाच्या पडद्याला त्यासाठी अर्ध्या मायक्रोमीटरहूनही कमी हलावे लागते. पण ही हवा बंद असली पाहिजे. टोक सैल बसले, केसाएवढी फट राहिली की खर्ज निसटून जातो. दुकानात एक मिनिट घालून 'यात बास नाही' असे मत देणारे गिऱ्हाईक पुष्कळदा टोकाच्या मापाबद्दल मत देत असते.

या इअरफोनला मॉनिटर हे नाव रंगमंचाने दिले. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा कार्यक्रम झाला, तेव्हा सुमारे 55 हजार लोकांच्या किंकाळ्यांत वादकांना स्वतःचे गाणेही ऐकू येत नव्हते. यावर उपाय म्हणून गायकाकडे तोंड केलेले कर्णे रंगमंचावर आले. त्यांचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून शीळ घाले, आणि प्रत्येकजण आपला कर्णा वाढवून मागे. यात कित्येकांचे कान गेले. कान बंद करून आत हवे तेवढेच ऐकवावे, ही कल्पना त्या त्रासातून पुढे आली. काही लोक आधीपासून या खटपटीत होतेच. पण 1995 मध्ये व्हॅन हेलन या वाद्यवृंदाचा ध्वनियोजक जेरी हार्वे याने ढोलवादकासाठी कानाच्या साच्यातून इअरफोन बनवला आणि 'अल्टिमेट इअर्स' ही कंपनी काढली, तेव्हा त्याला धंद्याचे रूप आले. श्रवणयंत्रांचे आर्मेचर हाताशी होतेच. एकाऐवजी दोन घ्यावेत, एकाला खर्ज आणि दुसऱ्याला तार स्वर वाटून द्यावेत, अशी रचना झाली. पुढे एका बाजूला तीन, सहा, आठ अशी चढाओढ लागली.

या चढाओढीबद्दल आमचे मत फारसे अनुकूल नाही. आर्मेचर वाढले की जोर वाढतो हे खरे, पण स्वर वाटून देणारे परिपथ वाढतात आणि विद्युतरोध वारंवारतेप्रमाणे वरखाली होतो. समजा, एखाद्या इअरफोनचा रोध खर्जात 40 ओहम आणि मध्यात 10 ओहम आहे. ज्या यंत्राला तो जोडला त्याचा अंतर्गत रोध 10 ओहम असेल, तर खर्जाला विद्युतदाबाचा 0.8 आणि मध्याला 0.5 एवढा वाटा मिळेल. हा फरक 4 डेसिबलचा झाला. अंतर्गत रोध 1 ओहम असेल तर तोच फरक अर्ध्या डेसिबलच्या आसपास येतो. म्हणजे एकच महागडा इअरफोन दोन यंत्रांवर दोन वेगळे इअरफोन असल्यासारखा वाजतो, आणि दोन मित्र त्यावरून भांडतात.

काही रचना मात्र दाद द्यावी अशा आहेत. 2013 च्या शुअर एसई-846 मध्ये खर्जाच्या आर्मेचरपुढे पोलादाच्या दहा पातळ पत्र्यांची चळत आहे. पत्र्यांत कोरलेल्या वळणावळणाच्या वाटेने ध्वनी सुमारे 10 सेंटिमीटर प्रवास करतो. लांब, अरुंद वाटेतील हवेच्या जडत्वामुळे जलद कंपने मागेच राहतात आणि फक्त खर्ज बाहेर पडतो. विजेचा गाळा नाही, हवेचाच गाळा! सेनहायझरने 2012 च्या आयई-800 मध्ये उलट वाट धरली. आर्मेचर नाहीच, 7 मिलिमीटरचा एकच हलत्या वेटोळ्याचा पडदा, बाहेर सिरॅमिकचे कवच. बंद कानात टोक आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये अर्ध्या तरंगाचे अनुस्पंदन तयार होते. अंतर 20 मिलिमीटर असेल तर ते 8500 हर्ट्झला येते आणि 'स' हे अक्षर कानात टोचते. ते शोषून घेणाऱ्या पोकळ्या या इअरफोनच्या आतच ठेवल्या आहेत. 2021 च्या आयई-900 मध्ये अशा तीन पोकळ्या असून कवच ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढलेले आहे. येथे बांधणी आणि ध्वनी वेगळे काढता येत नाहीत. कवचाच्या कोरीव कामातली चूक ऐकू येते.

इतर वेळी बांधणी म्हणजे टिकाऊपणा. गायकासाठी कानाचा साचा तोंड उघडे ठेवून घ्यावा लागतो, कारण जबडा हलला की कर्णनलिकेचा आकार बदलतो आणि तार सप्तकातल्या तानेबरोबर खर्ज गळून जातो. आर्मेचर जमिनीवर आपटले तर ती बारीक जीभ मध्यावरून सरकते आणि 4अब चा हिशोब बिघडतो. मळाचा एवढासा कण जाळीत बसला की तार स्वर हरवतात. कित्येकदा 'जुना झाला, आवाज पडला' म्हणून टाकून दिलेल्या इअरफोनला फक्त साफसफाई हवी असते.

मग तुलना करायची कशी? मापनासाठी नोल्सच्या कंपनीने 1972 मध्ये सरासरी माणसाचे कान-डोके असलेला पुतळा तयार केला आणि 1981 मध्ये कृत्रिम कर्णनलिकेचे आंतरराष्ट्रीय मानक आले. ते 10 हजार हर्ट्झपर्यंत भरवशाचे आहे. त्यापुढे टोक एखादा मिलिमीटर खोल गेले तरी आलेखातील शिखर जागा बदलते, म्हणून तेथील उंचसखल रेषांवरून वाद घालू नये. 2017 मध्ये हर्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी 30 इअरफोनचे प्रतिसाद एकाच इअरफोनवर संगणकाने उभे केले आणि ते 71 जणांना ऐकवले. कोणते नाव, कोणती किंमत हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्गच ठेवला नाही. त्याच वर्षी येरून ब्रेबार्ट याने 283 हेडफोनचे आलेख किमतींशी ताडून पाहिले. दोहोंत त्याला संबंध आढळला नाही.

आम्हीही एकदा प्रयोगशाळेत तीन इअरफोन घेऊन बसलो होतो. तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावले. महागड्या इअरफोनमध्ये जवारी अधिक मोकळी, तारांचा गंधार स्पष्ट, असे आम्ही वहीत भरभरून लिहिले. नंतर एका सहकाऱ्याने तिन्हींचा आवाज मीटर लावून सारखा केला. महागडा आधी 2 डेसिबलने मोठा वाजत होता. मग डोळे बांधून घेतले आणि दुसऱ्याने इअरफोन बसवले. तिसरा, सर्वांत स्वस्त इअरफोन खर्जात सैल होता, तो दर वेळी ओळखता आला. उरलेल्या दोहोंत आम्ही वीसपैकी अकरा वेळा बरोबर ठरलो. नाणे उडवले असते तरी साधारण तेवढेच झाले असते. वहीचे ते पान आम्ही फाडलेले नाही.

एका बाबतीत मात्र घट्ट बसणाऱ्या इअरफोनची किंमत वसूल होते. रेल्वेच्या डब्यात उघड्या इअरफोनने गाणे ऐकायचे तर ते गोंगाटाच्या वर न्यावे लागते. कान नीट बंद झाला की बाहेरचा आवाज 20 ते 30 डेसिबलने खाली जातो आणि गाणे हळू लावून भागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो. दर 3 डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे 89 डेसिबलला हातात उरतात फक्त पाच तास.