वासराची ग्रंथी आणि यीस्टचा गोळा

बारावीच्या वहीत पानाच्या मधोमध उभी रेघ मारून डीएनए आणि आरएनए यांतले फरक आम्ही पाठ केले होते: शर्करा वेगळी, थायमिनच्या जागी युरॅसिल, दोन धागे आणि एक धागा. विसाव्या शतकाच्या आरंभी याच रेघेच्या दोन्ही बाजूंना ‘प्राणी’ आणि ‘वनस्पती’ असे मथळे होते, हे मला फार उशिरा कळले.

घोळ कच्च्या मालाचा होता. १८६९ मध्ये फ्रीडरिख मीशर यांनी ट्यूबिंगेनला जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून ‘न्यूक्लीन’ वेगळे केले. पुढच्यांनी पू सोडून वासराची थायमस ग्रंथी आणि यीस्ट हाती घेतले. थायमसच्या पेशींत केंद्रकांची दाटी, म्हणून डीएनए भरपूर. यीस्टमध्ये आरएनए कितीतरी जास्त. यीस्टची गणना तेव्हा वनस्पतींत होई. झाले! थायमसचे आम्ल प्राण्यांचे, यीस्टचे वनस्पतींचे. रासायनिक पृथक्करण चोख होते, नमुने मात्र दोनच. माझ्या मते चूक तिथे झाली.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फीबस लेव्हीन यांनी १९०९ मध्ये यीस्टच्या आम्लातली शर्करा ओळखली: रायबोज. थायमसमधली ओळखायला १९२९ उजाडले. आम्लाने सुटी करू जाता ती शर्कराच नासून जाई. अखेर विकरांची मदत घ्यावी लागली. तिच्यात रायबोजपेक्षा ऑक्सिजनचा एक अणू कमी निघाला, म्हणून ती डीऑक्सिरायबोज. हा अणू क्षुल्लक नाही. आरएनएमध्ये तो ज्या हायड्रॉक्सिल गटात असतो, तो गट अल्कलीत शेजारच्या फॉस्फेटचा बंध तोडतो. आरएनएचे तुकडे पडतात, डीएनए टिकतो.

दरम्यान १९२४ मध्ये रॉबर्ट फॉयल्गेन यांनी डीएनएला जांभळट रंग देणारी चाचणी प्रसिद्ध केली होती. वनस्पतींच्या पेशींतली केंद्रकेही रंगली. १९३३ मध्ये जाँ ब्राशे यांना सी-अर्चिन या सागरी प्राण्याच्या अंड्यांत आरएनए आढळले. दोन्ही मथळे पुसावे लागले.

थायमिनचे नाव तेवढे राहिले. भाताच्या रोपातल्या डीएनएमध्येही ते वासराच्या ग्रंथीच्याच नावाने आहे.