वाऱ्याची मालकी

वारा कोणाच्या मालकीचा, असा प्रश्न कोणीं विचारला तर तो पोरकट वाटेल. परंतु तोच वारा पवनचक्कीच्या पात्यांवर आदळून विजेचें रूप घेऊं लागला, म्हणजे त्याला मालक उत्पन्न होतो. आणि हा मालक गांवांतला कीं गांवाबाहेरचा, यावर त्या गांवाचें पुष्कळसें हिताहित अवलंबून राहतें. या दृष्टीनें डेन्मार्क देशाचा गेल्या सुमारें सव्वाशें वर्षांचा इतिहास आमच्या वाचकांनीं अवश्य पाहण्यासारखा आहे.

१८६४ सालच्या युद्धांत डेन्मार्कनें आपले दक्षिणेकडील प्रांत गमावले. त्यांबरोबर रोडिंग येथील लोकविद्यालयहि सरहद्दीपलीकडे गेलें, तेव्हां १८६५ सालीं अलीकडे आस्कोव्ह येथें नवें विद्यालय निघालें. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांना परीक्षेच्या जाचावांचून शिक्षण द्यावें, हा या विद्यालयांचा हेतु. आस्कोव्ह येथील पदार्थविज्ञानाचे अध्यापक पौल ला कूर यांनीं १८९१ सालीं सरकारी साह्यानें विजेसाठीं पवनचक्की उभारली. वारा पडल्यावर वीज कोठून आणावयाची, ही अडचण त्यांनीं त्या विजेनें पाण्याचें पृथक्करण करून व हायड्रोजन वायु सांठवून सोडविण्याचा यत्न केला. कांहीं वर्षें विद्यालयांतील दिवे याच वायूवर जळत. परंतु आमच्या मतें त्यांचें खरें कार्य निराळें आहे. १९०३ सालीं त्यांनीं वातविद्युत् मंडळ स्थापिलें आणि खेड्यांतील तरुणांना विजेचें काम शिकविण्याचे वर्ग काढले. चक्की गांवांत आणून तिचा कारागीर मात्र शहरांतून आणावा, हें त्यांना पसंत नव्हतें.

भूमीहि तयार होती. १८८२ सालीं जटलंडांतील येडिंग गांवीं शेतकऱ्यांनीं पहिली सहकारी दुग्धशाळा काढली होती. अशा संस्थांत मत माणशीं मोजीत, गाईंवर नव्हे. त्यामुळें दहा गाईंचा धनी व शंभर गाईंचा धनी सभेंत सारखेच ठरत.

पुढें स्वस्त खनिज तेलापुढें पवनचक्क्या मागें पडल्या. ला कूर यांचे शिष्य योहान्नेस यूल यांनीं १९५७ सालीं गेड्सर येथें उभारलेली २०० किलोवॅटची चक्की १९६७ पर्यंत चालून बंद झाली. १९७३ सालीं तेलाचा भाव भडकतांच परक्या तेलावर विसंबलेल्या त्या देशाचे डोळे उघडले. १९७५ ते १९७८ या काळांत ट्विंड येथील शिक्षकांनीं व स्वयंसेवकांनीं आपल्या हातांनीं एक प्रचंड चक्की बांधून दाखविली. मग गांवोगांवीं शेजारीपाजारी मिळून चक्की-मंडळ्या काढूं लागले. वर्षाला १००० युनिट वीज निघेल एवढा एक भाग धरीत, म्हणजे सामान्य कुटुंबासहि तो झेपे. प्रथम तर जवळपास राहणाऱ्यांनाच भाग घेतां येत. चक्कीची घरघर ज्याच्या कानीं पडे, तिच्या उत्पन्नाचा वांटाहि त्यालाच मिळे; मग कुरकुर करावी कोणीं? या शतकाच्या आरंभीं एक लाखाहून अधिक डॅनिश कुटुंबें अशा रीतीनें चक्क्यांचीं भागीदार होतीं. सुमारें ४००० वस्तीच्या साम्सो बेटानें २००० सालीं जमिनीवर ११ व २००३ पर्यंत समुद्रांत १० चक्क्या उभारल्या. त्या शेतकरी, लहान भागीदार व तेथील नगरपालिका यांनीं आपसांत वांटून घेतल्या.

हें चित्र सर्वस्वीं उजळच आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. चक्क्या मोठ्या झाल्या, भांडवल वाढलें, तशा लहान मंडळ्या मागें हटल्या. नव्या चक्कीचे शेंकडा २० भाग स्थानिकांपुढें ठेवावे, असा कायदा २००८ सालीं करावा लागला. तीहि तरतूद २०२० सालीं गेली. लोकांची संवय सुटली म्हणजे कायद्यानें ती फार दिवस टिकवितां येत नाहीं.

आतां आपल्याकडे पाहूं. १९२१ सालीं मुळशी पेट्यांतील मावळे सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहास उभे राहिले. पाणी त्यांच्या खोऱ्याचें, बुडणारी जमीन त्यांची, आणि वीज मुंबईच्या गिरण्यांची, असा तो व्यवहार होता. पुढें शतकाच्या अखेरीस साताऱ्याकडील वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, तेव्हां कोणाचें गांव बुडालें नाहीं हें खरें. तथापि भांडवल बहुतांशीं बाहेरच्या कंपन्यांचें होतें, आणि त्यांना ओढून आणणारी मोठी गोष्ट म्हणजे करांतील सवलत.

तरीहि निराशेचें कारण आम्हांस दिसत नाहीं. प्रवरेकांठीं १९५० सालीं शेतकऱ्यांनीं आपला सहकारी साखर कारखाना सुरू केला, आणि उसाच्या चिपाडांवर वीज करणारे सहकारी कारखाने आज महाराष्ट्रांत आहेत. म्हणजे डेन्मार्कांत दुग्धशाळेनें जें शिक्षण दिलें, तें येथें साखरेनें दिलेलें आहे. त्यांतील गुणांबरोबर दोषहि आम्हीं पाहिले आहेत. पठारावरच्या वाऱ्याचा व माळावरच्या उन्हाचा हिशेब गांवच्या सभेंत मांडला जावा आणि तेथें मत माणशीं मोजलें जावें, एवढेंच आतां उरलें आहे. तें काम यंत्रांचें नव्हे, आपलें आहे.