मांजर स्वार्थी नाही, एकांडं आहे

आजचा विषय आहे मांजर. इतिहासाच्या पॉडकास्टवर मांजर कशाला, असं वाटलं असेल, पण तुमच्या सोफ्यावर जे झोपलंय ना, त्याच्या स्वभावात हजारो वर्षांचा इतिहास आहे.

'कुत्रा माणसाचा, मांजर घराचं' हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पुढे त्यालाच जोडून येतं की मांजर स्वार्थी, त्याला कुणाचं काही नसतं. हे नुसतं बोलण्यापुरतं असतं तर ठीक होतं. पण याच समजुतीवर लोक घरातलं मांजर पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून येतात. 'त्याला काय, कुठेही जगेल!' म्हणून हा शिक्का जरा तपासून बघू.

सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस नावाची अश्मयुगीन वस्ती आहे. तिथे एका माणसाच्या सांगाड्यापासून जेमतेम ४० सेंटीमीटरवर मांजराचा सांगाडा सापडला. मांजर साधारण ८ महिन्यांचं होतं आणि दफन सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. २००४ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे त्या बेटावर मुळात रानमांजरं नव्हतीच. म्हणजे ते, नाहीतर त्याचे पूर्वज, कुणीतरी होडीतून नेले असणार. ते पूर्ण पाळीव होतं की नुसतं माणसाळलेलं, यावर वाद आहे. पण नातं होतं, एवढं नक्की.

२००७ मध्ये पाळीव आणि रानटी मिळून ९७९ मांजरांच्या डीएनएचा अभ्यास झाला. त्यातून कळलं की जगभरातल्या घरगुती मांजरांचं मूळ एकच, आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. हा प्राणी एकट्याने शिकार करतो. सगळा फरक इथूनच सुरू होतो.

कुत्र्याचे पूर्वज लांडगे, कळपात राहणारे. शिवाय माणसाने कुत्र्याला पिढ्यानपिढ्या कामासाठी निवडलं: राखण, शिकार, मेंढ्या हाकणं. मांजराचं तसं नाही. शेती आली, धान्य साठलं, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर. हुकूम ऐकायला त्याला कुणी शिकवलं नाही, कारण गरजच नव्हती. ठरवून पैदास करायचं वेड तर अगदी अलीकडचं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं ते १८७१ मध्ये. तिथेही कौतुक मुख्यतः रूपाचं. आमच्या भाषेत सांगायचं तर मांजर म्हणजे लेगसी कोड. वरचा इंटरफेस बदलला, आतलं बरंचसं जुनंच.

आता हे डोक्यात ठेवून मांजराकडे बघा. हाक मारली तरी येत नाही? २०१३ मध्ये जपानमध्ये २० मांजरांवर प्रयोग झाला. मालकाचा आवाज त्यांना ओळखता येत होता, कान आणि मान हलत होती. फक्त उठून यायची तसदी बहुतेकांनी घेतली नाही. म्हणजे ओळख आहे, हुकमाची सवय नाही.

नवीन घरात लपतं? एकट्या शिकाऱ्याला मदतीला कळप नसतो, त्याचा भरवसा ओळखीच्या जागेवर आणि वासावर. गेल्या वर्षी मी पुण्यात फ्लॅट बदलला तेव्हा आमची मनी तीन दिवस पलंगाखाली होती. सगळे म्हणाले, 'जुन्या सोसायटीत सोडून ये, मांजर घराचंच असतं.' मी तिला एकच खोली दिली, तिची जुनी न धुतलेली चादर टाकली आणि ओढून बाहेर काढलं नाही. चौथ्या रात्री ती स्वतःच पायाशी येऊन झोपली. 'घराचं' हे खरंच आहे, पण त्या घरात आपणही असतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. रानात दुखणं दाखवणारं एकटं जनावर दुसऱ्याचं भक्ष्य होतं. म्हणून मांजर आजार लपवतं. अचानक कोपऱ्यात बसणं, खाणं सोडणं, अंग चाटून साफ करणं बंद होणं, याला 'रुसलंय' म्हणू नका. बोका वारंवार लघवीला बसतोय आणि होत नाहीये, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात असते. पिल्लू साधारण २ ते ७ आठवड्यांचं असताना माणसांनी त्याला प्रेमाने हाताळलं, तर पुढे ते माणसांना कमी घाबरतं. सगळाच स्वभाव रक्तातून येत नाही. काही जन्माचा असतो, काही आपण घडवतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'मांजर स्वार्थी असतं, सोडून दे' म्हणालं, तर त्यांना हा भाग ऐकवा. कळपाचे नियम त्याला कधी लागूच नव्हते. तरीही ते आपल्या घरात राहतं, हे काय कमी आहे?

भेटू पुढच्या भागात.