दिनविशेष : ६ डिसेंबर – गुलामगिरीचा अंत, समतेचा लढा

६ डिसेंबर १८६५ रोजी अमेरिकेच्या राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीला आवश्यक राज्यांची मंजुरी मिळाली आणि गुलामगिरी कायद्याने संपली. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी जनतेलाच महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला.

नगरच्या मातीला हा विषय परका नाही. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे नगरच्या निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. त्याच्या काळ्या रंगावरून जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात त्याला शिव्या घातल्या. दरबारी चित्रकार अबुल हसनने तर अंबरचे छाटलेले शिर भाल्यावर टांगलेले आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे, असे चित्र रंगवले. प्रत्यक्षात ते शिर मोगलांच्या हाती कधीच लागले नाही. उलट १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीत अंबरने मोगल आणि आदिलशाहीच्या संयुक्त फौजेचा धुव्वा उडवला.

६ डिसेंबरलाच, १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना १९४६ मध्ये पत्र लिहून आंबेडकरांनी अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्य दाखवले होते. भारतीय राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही याच नगर जिल्ह्यात सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) येथे दलित तरुणांचे खून झाले. कायदा झाला, आता मने बदलायला हवीत. त्याची सुरुवात प्रत्येकाने आपल्या घरापासून, आपल्या गावापासून करावी.